पेल्याच्या तळाशी

आषाढातली सकाळ होती. रात्रभर पडून गेलेल्या पावसाने बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीचा रस्ता काळाभोर झाला होता, आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, बांधलेल्या निळ्या ताडपत्रीतून एखादा चुकार थेंब नेमका माझ्या बशीत येऊन पडत होता. बाकावर शेजारी बसलेल्या मैत्रिणीला मी उन्हाळ्यात घडलेली हकीकत सांगत होते. खरे तर सांगत नव्हते, रंगवत होते. माझ्या दारावरच्या दुधाच्या पिशव्या कशा नाहीशा होऊ लागल्या, मी पाळत कशी ठेवली, पुरावा कसा गोळा केला आणि अखेर दूध टाकणाऱ्या मुलापर्यंत कशी पोहोचले, हे सगळे मी आवाजाचे चढउतार साधत ऐकवले. मैत्रीण हसली, बस गाठायची म्हणून घाईने निघून गेली. मी पैसे द्यायला उठले, तेव्हा खलबत्त्यात आले ठेचता ठेचता, वर न पाहता, लारीवाले भाई म्हणाले, "बेन, ए छोकरो नहोतो."

तो मुलगा नव्हता.

या चार शब्दांपर्यंत मी कशी आले हे सांगायचे तर पुस्तकांपासून सुरुवात करावी लागेल. चैत्रात अमेरिकेहून आलेली माझी भाची परत जाताना बॅगेचे वजन हलके करण्यासाठी पाच इंग्रजी पुस्तके माझ्याकडे टाकून गेली. "मावशी, यात खून आहेत, पण वाचून झोप छान लागते," अशी त्यांची शिफारस तिने केली होती. लॉरा चाइल्ड्स या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेची ही मालिका 2001 मध्ये सुरू झाली आणि आजवर तिची पंचवीसहून अधिक पुस्तके निघाली आहेत. नायिका थिओडोशिया ब्राउनिंग ही पूर्वी जाहिरातीच्या धंद्यात होती. तो सोडून तिने दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन या जुन्या बंदराच्या शहरात इंडिगो टी शॉप नावाचे चहाचे दुकान थाटले. चहाची पाने नुसती पाहून त्यांचे कुळगोत्र सांगणारा ड्रेटन आणि भट्टीतून सतत काहीतरी खमंग बाहेर काढणारी तरुण हेली हे तिचे दोन सहकारी. कुत्र्याचे नाव अर्ल ग्रे, म्हणजे तेही चहाचेच. या चौघांच्या आसपास, बहुधा एखाद्या चहापानाच्या किंवा गावच्या समारंभाच्या ऐन रंगात, कोणीतरी मरून पडते आणि थिओडोशिया चौकशीला लागते. एक धिप्पाड पोलीस अधिकारी तिला यात लक्ष घालू नका म्हणून बजावायला येतो आणि बजावता बजावता तिच्या दुकानातले गोडधोड फस्त करून जातो. खुनी सापडल्यावर पुस्तकाच्या शेवटी पाककृती दिलेल्या असतात.

पाककृती पाहून मी प्रथम मोठ्याने हसले होते. मृत्यूनंतर तेराव्या दिवशी गोड करायचे, ही आपली पद्धत. इथे शेवटच्या प्रकरणानंतर लगेच लोणी किती आणि साखर किती ते सांगायला सुरुवात. पण ज्येष्ठाच्या त्या दुपारी, बाहेर पारा बेचाळीसवर आणि आत कूलरच्या खस ताट्यांचा ओला वास, अशा वेळी ती पुस्तके मी एकामागून एक वाचून काढली हे कबूल करायला हवे. या जातीच्या रहस्यकथांना इंग्रजीत 'कोझी' म्हणतात. माझ्या आजीकडे किटलीवर घालायची कापसाची जाड टोपी होती, तिच्यावर तिने भरतकामाने दोन पोपट काढले होते. त्या टोपीला आमच्या घरात टीकोझी म्हणत. शब्द एकच. रक्त दिसत नाही, आरडाओरडा ऐकू येत नाही, खून पडद्याआड होतो, आणि त्या जाड टोपीखाली गोष्ट शेवटपर्यंत कोमट राहते. असल्या पुस्तकात मरणाऱ्याबद्दल फारसे वाईट वाटत नाही, कारण लेखिकेने त्याला आधीच थोडा खडूस करून ठेवलेला असतो. यावर टीका करता येईल, आणि मी वाचताना ती केलीही. मात्र पुस्तक खाली ठेवले नाही.

माझ्या लहानपणीच्या रहस्यकथा वेगळ्या होत्या. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीच्या मराठी विभागातून मामा बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके आणायचा आणि मी ती पांघरुणात लपून वाचायची. झुंझार आणि काळापहाड ही मंडळी रात्री भिंतींवरून उड्या मारत, पिस्तूल रोखत, मोटारींचे पाठलाग करत. चहाच्या दुकानात बसून कोणी खुनाचा छडा लावेल, हे तेव्हा मला पटलेच नसते. मोठेपणी अगाथा ख्रिस्तींची मिस मार्पल भेटली, जी 1930 मध्ये पहिल्यांदा कादंबरीत आली; ती म्हातारी विणकाम करता करता गावातल्या जुन्या लबाड्या आठवते आणि त्यांच्यावरून नव्या गुन्हेगाराला ओळखते. थिओडोशिया तिचीच धाकटी नात म्हणायला हरकत नाही, फक्त हिच्या हातात सुयांऐवजी किटली आहे. किटलीचा फायदा असा की माणसे आपणहून येऊन बसतात. पोलिसांना प्रश्न विचारावे लागतात. चहावाल्याला फक्त पुन्हा एकदा बशी भरावी लागते.

अर्थात आमच्या लारीचे आणि तिच्या दुकानाचे काही म्हणता काही जुळत नाही. तिच्याकडे प्रत्येक चहाला नाव, बाग, ऋतू आणि ठरावीक मिनिटे आहेत. गरम पाण्यात पाने उलगडताना जी तगमग करतात तिला चहा चाखणाऱ्या जाणकारांनी एक खास शब्दप्रयोग ठेवला आहे, आणि त्याचा अर्थ पानांच्या यातना असाच काहीसा होतो. मालिकेतल्या एका पुस्तकाचे तेच नाव आहे. आमच्या चहात पान उरलेलेच नसते, मग यातना कुठून? आसामात 1930 च्या दशकात आलेल्या सीटीसी यंत्रात पान चुरडले जाते, फाडले जाते आणि त्याची गोळी वळली जाते. जे सोसायचे ते त्याने आधीच सोसलेले असते. मग भाई त्याला दूध, साखर, आले आणि मूठभर फुदिन्याबरोबर तीनदा उकळी आणतात, मळकट फडक्यातून पिळून गाळतात आणि एवढेच विचारतात: आखी की अडधी, म्हणजे पूर्ण की अर्धा? लारीच्या फळीवर चहाचे जे पुडे असतात त्यांच्यावर एक वाघ आणि एक बकरी एकाच पेल्यातून चहा पीत असतात. गुजरातभर घरोघरी असलेले ते चित्र मी जन्मापासून पाहते आहे, पण ही पुस्तके वाचायला लागल्यापासून मला त्याच्याकडे पाहून वेगळाच प्रश्न पडू लागला. चहापानाच्या प्रत्येक प्रसंगी लेखिका पंधरा-वीस पाहुणे बसवते, आणि त्यांच्यातला वाघ कोणता व बकरी कोणती हे दोनशे पाने कळू देत नाही.

पेल्यातल्या विषाचे बडोद्याला तरी नवल वाटू नये. 9 नोव्हेंबर 1874 च्या सकाळी इथले ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचे दरबारातले प्रतिनिधी, कर्नल रॉबर्ट फेअर फिरून परत आले आणि त्यांच्यासाठी रोजच्याप्रमाणे ठेवलेल्या पपनसाच्या सरबताचे त्यांनी दोन-तीन घोट घेतले. बरे वाटेना म्हणून उरलेले त्यांनी व्हरांड्यातून बाहेर ओतून दिले, आणि पेला खाली ठेवताना तळाशी राहिलेला गडद गाळ त्यांच्या नजरेस पडला. डॉक्टरांनी तो तपासला तेव्हा त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक, आणि हिऱ्याची पूड असल्याचे सांगण्यात आले. महाराज मल्हारराव गायकवाड आणि हे रेसिडेंट यांचे हाडवैर साऱ्या शहराला ठाऊक होते. तपासाला मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक साउटर आपली माणसे घेऊन आले. आणि जाळे प्रथम पडले ते रेसिडेन्सीच्या नोकरांवर, कारण पेल्याच्या जवळ तेच होते. रावजी नावाच्या हवालदाराने कबुली दिली, त्याच्या कमरेच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली. ती पुडी सापडली की ठेवली गेली, असा प्रश्न महाराजांच्या बचावासाठी थेट विलायतेहून आलेल्या सर्जंट बॅलंटाइन या वकिलांनी उभा केला. 1875 च्या फेब्रुवारीत सहा जणांच्या आयोगापुढे काम सुरू झाले. तिघा इंग्रजांना आरोप शाबीत झाला असे वाटले. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव या तिघांना तसे वाटले नाही.

रहस्यकथा इथे मोडते. शेवटच्या प्रकरणात दिवाणखान्यात सगळ्यांना जमवून नाव घ्यायचे असते, आणि इथे जमलेल्यांतच तीन विरुद्ध तीन! सरकारने मग विषाचा मुद्दा बाजूला सारून कुशासनाच्या कारणावरून मल्हाररावांना पदच्युत केले आणि मद्रासला पाठवले. तिथेच 1882 मध्ये ते वारले. गादीसाठी महाराणी जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाणे गावातला बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला, तो पुढे सयाजीराव महाराज झाला, आणि त्याने 1910 मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचे जे जाळे उभारले त्याच्या मध्यभागी ती सेंट्रल लायब्ररी आहे, जिच्या काचेच्या जाड फरशांतून मजल्यामजल्यांत उजेड झिरपतो आणि जिच्यातून मामा माझ्यासाठी अर्नाळकर आणायचा. एका पेल्याच्या तळाशी उरलेल्या गाळापासून माझ्या पांघरुणातल्या पुस्तकापर्यंतची ही साखळी मी अनेकदा जोडून पाहिली आहे. आता ती जोडताना माझे लक्ष रावजीपाशी अडते. ज्याने पेला हाताळला, संशय आधी त्याच्यावर. चार्ल्स्टनमध्येही तेच होते: मालिकेच्या पहिल्याच पुस्तकात बागेतल्या चहापानात एक पाहुणा टेबलाशीच मेलेला आढळतो आणि बोट दाखवले जाते ते दुकानात मदतीला असलेल्या एका तरुण मुलीकडे. थिओडोशिया डिटेक्टिव्ह होते ती हौसेने नव्हे, त्या मुलीवरचा आळ पुसण्यासाठी.

हे मी वाचले होते. वाचून खूण म्हणून पानाचा कोपराही दुमडून ठेवला होता.

आता माझे प्रकरण. 1929 मध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने रहस्यकथाकारांसाठी दहा नियम घालून दिले, त्यांतला एक असा की डिटेक्टिव्हला जे सापडले ते वाचकापासून दडवू नये. तो पाळून मी माझा पुरावा जसा होता तसा मांडते. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारत चार मजल्यांची. दारावरच्या खिळ्याला मी कापडी पिशवी अडकवते, साडेपाचला मुलगा तिच्यात दुधाच्या दोन पिशव्या टाकतो, वरच्या मजल्यांवर जातो आणि पुन्हा आमच्या दारावरून खाली उतरतो. ज्येष्ठात काही दिवस असे झाले की पावणेसहाला दार उघडावे तर खिळ्यावर कापडी पिशवी रिकामी. पहिल्या दिवशी मला वाटले मुलगा विसरला. त्याला विचारले, तर तो म्हणाला, "टाकलं होतं, मावशी." दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा झाले तेव्हा मी उठून दाराच्या आत कान देऊन उभी राहिले; पिशव्या पडल्याचा धप्प असा ओला आवाज मी स्वतः ऐकला, स्वयंपाकघरात जाऊन गॅसवर पाणी ठेवले, परत आले, तर दूध नाही. मग एका पहाटे मी चहाच्या गाळणीतून रांगोळी गाळून जिन्याच्या पायऱ्यांवर तिचा पातळ थर पसरला. यजमान अंथरुणातूनच म्हणाले, "चोर सापडेल तेव्हा सापडेल, आज चहा कोरा मिळणार एवढे नक्की." सहा वाजता मी वाकून पाहिले. वर जाणारे आणि खाली येणारे ठसे एकमेकांवर चढले होते, पण वरून उतरलेली एक चाल आमच्या दाराशी थांबून मग खाली गेली होती, हे स्पष्ट दिसत होते. स्लीपरचा उजवा ठसा नक्षीसकट उमटला होता. डाव्या बाजूची रांगोळी लांबट फरफटली होती. ती मी घाईची खूण मानली. वरून उतरणारा कोण, तर दूध टाकून परतणारा मुलगा. त्याच आठवड्यात त्याने मला, धाकट्या बहिणीसाठी एखादे जुने दप्तर असेल का, असे विचारले होते. गरज आहे म्हणजे हेतू आहे. संधी होतीच.

मी सोसायटीच्या सेक्रेटरींना फाटकापाशी गाठून चार वाक्यांत सगळे सांगितले. त्यांनी दूध पोहोचवण्याचा ठेका असलेल्या माणसाला फोन केला, त्याने कोणाला काही विचारण्याची तसदी घेतली नसावी, आणि दुसऱ्या दिवसापासून दुसरा मुलगा येऊ लागला. पिशव्या गायब होणे थांबले. एवढा निर्वाळा मिळाल्यावर कोणाला शंका येईल? मी त्या दिवशी संध्याकाळी मालिकेतले चौथे पुस्तक हातात घेतले आणि खुनी कोण हे निम्म्यावरच ओळखले, तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

"मग कोण होते?" मी भाईंना विचारले.

त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. दोन गिऱ्हाइके होती, त्यांना अडधी दिली, पैसे डब्यात टाकले, हात फडक्याला पुसले. मग फळीखालून उधारीची वही काढली. ही वही मी वर्षानुवर्षे पाहत होते, पण तिच्यात काय असते याचा विचार केला नव्हता. समोरच्या कापड दुकानाचा रोजचा चहा सहा पेल्यांवरून चारवर, चारवरून दोनवर आला, हे त्या वहीत दुकानाचे शटर कायमचे पडण्याच्या वर्षभर आधी लिहिलेले होते. कोणाची साखर बंद झाली, कोणाच्या घरी पाहुणे राहिले, कोणत्या कारकुनाने महिन्याच्या विसाव्या तारखेनंतर उधारी सुरू केली, हे सगळे तिथे नावापुढच्या रेघांत होते. थिओडोशियाला असली वही मिळाली असती तर दोनशे पानांचे काम वीस पानांत झाले असते. भाईंनी एक पान उघडले. त्याच्यावर नाव नव्हते. नऊ तारखा होत्या आणि प्रत्येकीपुढे दोन उभ्या रेघा.

चौथ्या मजल्यावर अप्पा राहतात. मराठी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या पुढे, गेल्या हिवाळ्यात पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला तेव्हापासून डावा पाय किंचित ओढत चालणारे. त्यांची पत्नी होती तोवर पहाटे केंद्रावरून दूध आणण्याचे काम त्यांच्याकडे होते. भाईंनी सांगितले ते असे की अप्पा त्या नऊ दिवशी पावणेसहाच्या सुमारास दोन पिशव्या छातीशी धरून लारीवर आले, बाकावर बसले आणि म्हणाले, "दूध आणलंय, चहा टाक." पहिल्या दिवशी भाईंना वाटले की त्यांच्या घरचे दूध आहे. दुसऱ्या खेपेला पाठोपाठ अप्पांची सून खाली आली, तिने शेजारच्या दुकानातून आपली नेहमीची पिशवी विकत घेतली आणि सासऱ्यांना हाताला धरून वर नेले. तेव्हा घरात आलेले दूध हे नव्हे, हे भाईंना समजले. त्या दुधाचा त्यांनी चहा केला आणि वहीत रेघा ओढल्या. कोणाच्या दारावरचे दूध आहे, हे त्यांनी कोणालाही विचारले नाही.

"का नाही विचारलेत?"

"विचारले असते तर सांगावे लागले असते," असे ते म्हणाले, अर्थात गुजरातीत, आणि गुजरातीत ते अधिक सरळ ऐकू आले. मग जूनच्या मध्याला अप्पांची मुलगी त्यांना महिना-दोन महिन्यांसाठी सुरतेला घेऊन गेली. नेमक्या त्याच आठवड्यात मुलगा बदलला होता. माझा निर्वाळा तो एवढाच होता.

भाईंनी नऊ दुणे अठरा पिशव्यांचे पैसे मोजून, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून माझ्यापुढे ठेवले. मी त्यांना विचारले की त्या मुलावर आळ आल्याचे त्यांना कधी कळले. शेवटच्या दिवशीच, ते म्हणाले. तो सायकल घेऊन इथे आला, अडधी प्यायला, काय झाले ते त्याने सांगितले आणि पैसे पुढच्या वेळी देतो म्हणून गेला. त्याचीही एक रेघ वहीत बाकी होती. "आणि तेव्हाही तुम्ही गप्प राहिलात?" माझा आवाज चढला असावा, कारण बाकावरच्या माणसाने मान वळवून पाहिले. भाईंनी पातेल्यातली साय पळीने बाजूला केली. "तो पछी अप्पानुं शुं थात?" मग अप्पांचे काय झाले असते?

या प्रश्नाभोवती मी दोन महिने फिरते आहे. सेक्रेटरींना कळले असते, जिन्यात कुजबुज झाली असती, ज्यांनी निम्म्या गल्लीला त्रैराशिक शिकवले त्यांच्या मागून मुले 'दूधचोर' म्हणून हसली असती, सुनेने दाराला बाहेरून कडी लावली असती. हे सगळे खरे आहे. पण भाईंनी एका म्हाताऱ्याची अब्रू राखली ती एका पोराच्या पोटावर, हेही खरे आहे, आणि त्यांना ते ठाऊक होते. माझी चूक अज्ञानातून झाली आणि त्यांची जाणतेपणातून, असे म्हणून मी काही दिवस स्वतःला बरे वाटवून घेतले. फार दिवस ते टिकले नाही. त्यांनी पाहिले, ताडले, लिहून ठेवले आणि तोंड बंद ठेवले. मी न पाहता तोंड उघडले. चार्ल्स्टनमध्ये हा पेच येत नाही, कारण तिथे खुनी सापडला की पुस्तक संपते आणि पुढच्या पुस्तकात सगळे गाव नव्या उत्साहाने चहाला येते. मागच्या वेळी ज्याच्यावर उगाच संशय घेतला गेला तो शेजारी थिओडोशियाच्या दुकानात पुन्हा पाऊल ठेवतो का, हे मला वाचायला आवडले असते. निदान माझ्याकडच्या पाच पुस्तकांत तरी मला ते सापडले नाही.

मी त्या मुलाला शोधायला गेले. दुधाच्या ठेक्याच्या माणसाने खुर्चीतूनच विचारले, "कोणता मुलगा? नाव काय?" मला नाव ठाऊक नव्हते. दीड वर्ष तो रोज माझ्या दाराशी येत होता. त्याच्या स्लीपरची नक्षी मी टॉर्च लावून तपासली होती, तो किती वाजता किती पायऱ्या चढतो हे मी कागदावर लिहून काढले होते, आणि नाव विचारले नव्हते. "उंच, हिरव्या सायकलवाला," मी म्हणाले. अशी दहा मुले येतात आणि जातात, असे उत्तर मिळाले. मग थोडी दया येऊन तो म्हणाला की पादरा गावाकडचा एक होता, तो बहुधा गावी परत गेला. माळ्यावरून काढून धुऊन ठेवलेले जुने दप्तर माझ्या हातात तसेच राहिले. सेक्रेटरींना मी सांगितले की माझी चूक झाली, मुलगा निर्दोष होता. त्यांनी विचारले, मग कोण होते? मी तोंड उघडले, आणि लारीवरची ती साय बाजूला सारणारी पळी मला आठवली. "माझीच काहीतरी गफलत झाली," असे म्हणून मी जिना चढले.

गोकुळाष्टमीनंतर अप्पा सुरतेहून परत आले. तिसऱ्या दिवशी पहाटे मी जागीच होते. धप्प असा ओला आवाज झाला, नव्या मुलाची पावले वर गेली, खाली उतरली. थोड्या वेळाने एक सावकाश चाल आली, एक पाऊल नीट टेकणारी, दुसरे फरशीला घासत येणारी, आणि आमच्या दारापाशी थांबली. कापडी पिशवीच्या बंदाची खिळ्यावर किंचित कुरकुर झाली. दार आणि माझ्यामध्ये हातभर अंतर होते. ही चाल मी ज्येष्ठात रांगोळीत उमटलेली पाहिली होती. ऐकून ती कोणालाही ओळखता आली असती.

पाच-सात मिनिटे थांबून मी खाली गेले. उजाडत होते, सूरसागरच्या बाजूने पारव्यांचा थवा उठला होता, आणि लारीवर स्टोव्हचा घुरघुराट सुरू झाला होता. अप्पा बाकावर बसले होते, अंगात इस्त्रीचा सदरा, बटणे एक घर चुकून लावलेली. मला पाहून ते सरकले. "या, बसा," ते म्हणाले, "दूध आणलंय. चहा टाकायला सांगितलाय." पिशवी दातांनी फोडू पाहणाऱ्या भाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मी बशी पुढे ओढली आणि तिच्यातले पावसाचे पाणी रस्त्यावर ओतले. त्यांनी दूध पातेल्यात सोडले, ओले हात पुसले, फळीखालून वही काढली आणि नाव नसलेल्या पानावर नवी तारीख घालून पुढे दोन उभ्या रेघा ओढल्या.